सुकती कधी लागते?

गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारी मुलगी २९ वर्षांची, चिपळूणला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पाच वर्षं ती नेमाने धावते, सुट्टीला घाटवाटा उतरते-चढते. येत्या जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात तिला तीन लांब वाटा पायी, आणि आजवर कुठल्याही बाईने केल्या नसतील इतक्या कमी वेळात, पुऱ्या करायच्या आहेत: झाई-बोर्डीपासून रेडीपर्यंतचा किनारा, साल्हेरपासून आंबोलीपर्यंतचा घाटमाथा आणि नर्मदेची परिक्रमा. साडेतीन लाख रुपये साठवले आहेत, नोकरी सोडायची तयारी आहे. घरात स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू, त्यापुढे एक दिवस नाही. मुंबईला असलेला भाऊ म्हणतो, वेड लागलंय. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की एका वाटेला कोण विचारतो, तीन केल्यास तर बातमी होईल. वडील पूर्वी खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. ते या विषयावर बोलतच नाहीत. नकाशा पुढ्यात ठेवला तेव्हा एवढंच म्हणाले, "सुकती कदी लागते ता मायत हाय काय तुला?" (सुकती म्हणजे ओहोटी.) तिला तो टोमणा वाटला आणि ती उठून गेली. नोकरी सोडू का, आणि घरच्यांचा विरोध पत्करून निघू का, असं तिने विचारलं आहे. शेवटची ओळ अशी: "लग्नाआधीचं हे एकच वर्ष माझं आहे, ताई. आता नाही तर कधीच नाही."

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा भराभर, कारण तू ते लिहिलंही आहेस धापा टाकत. दुसऱ्यांदा नकाशा उघडून. तिसऱ्यांदा फक्त वडिलांबद्दलच्या त्या चार ओळी. त्यांच्याकडे मी शेवटी येते. तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझी इच्छा मला जराही वेडी वाटत नाही, हे आधी सांगून टाकते. आपल्या पायांनी किती लांब आणि किती लवकर जाता येतं ते बघावंसं वाटणं ही अगदी स्वच्छ इच्छा आहे. तिला जनजागृतीचं किंवा संदेशाचं ठिगळ लावायची गरज नाही. पत्रात एका ठिकाणी तू "मुलींना प्रेरणा मिळावी म्हणून" असं लिहून मग खोडलं आहेस. खोडलंस ते बरं केलंस. तुला चालायचंय म्हणून तू चालणार आहेस, एवढं कारण पुरे.

मला अडखळायला होतं ते "एकच वर्ष" या दोन शब्दांपाशी.

ही कल्पना तुला अमेरिकेतल्या वाटांवरून सुचली असं तू लिहितेस, म्हणून तिथूनच सुरू करू. तिकडे तीन मोठ्या वाटा आहेत. पूर्वेकडची ॲपलाचियन ट्रेल सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची, पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सव्वाचार हजारांच्या वरची आणि मधली काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेल सुमारे पाच हजारांची. या तिन्ही एकाच कॅलेंडर वर्षात पहिल्यांदा पुऱ्या केल्या त्या ब्रायन रॉबिन्सन यांनी, २००१ मध्ये. तू उदाहरण दिलं आहेस हेदर अँडरसन यांचं: "त्यांनी वेगाचे विक्रमही केले आणि एका वर्षात तिन्ही वाटाही केल्या." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण सालं एकाखाली एक लिहून बघ. पॅसिफिक क्रेस्टवरचा त्यांचा विक्रम २०१३ चा: ६० दिवस, १७ तास, १२ मिनिटं. ॲपलाचियनवरचा २०१५ चा: ५४ दिवस, ७ तास, ४८ मिनिटं. दोन्ही वेळा मागे मदतीची गाडी नव्हती. आणि तिन्ही वाटा एका वर्षात केल्या त्या २०१८ मध्ये. त्या वर्षी वेगाचा विक्रम हा हेतूच नव्हता. तू जे एका वर्षात कोंबायला निघाली आहेस ते त्यांनी पाच वर्षांत, तीन वेगवेगळी कामं समजून केलं.

टॅरा डाउअर यांचंही तसंच. २०२४ मध्ये त्यांनी ॲपलाचियन ट्रेल ४० दिवस, १८ तास आणि ६ मिनिटांत संपवली. म्हणजे रोजचे सुमारे ८७ किलोमीटर, डोंगरातले. त्याआधीची सगळ्यात कमी वेळेची नोंद एका पुरुषाच्या नावावर होती, कारेल साबे यांची, २०१८ ची, ४१ दिवस ७ तास ३९ मिनिटांची. ती मोडली. हे वाचून तुझ्या अंगावर काटा आला असेल, माझ्याही आला होता. पण हीच वाट त्यांनी २०१९ मध्ये महिनोन् महिने घेऊन, सावकाश चालून पुरी केलेली होती. कुठला चढ संपता संपत नाही आणि पाणी कुठे आहे, हे पायांना ठाऊक झालेलं होतं. वेग नंतर आला.

आता "लग्नाआधीचं एकच वर्ष". जेनिफर फार डेव्हिस यांनी ॲपलाचियन ट्रेल पहिल्यांदा केली २००५ मध्ये. २००८ मध्ये त्यांचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांनी ५७ दिवसांत बायकांचा विक्रम केला. २०११ मध्ये तीच वाट ४६ दिवस, ११ तास, २० मिनिटांत पुरी करून सगळ्यांचाच विक्रम मोडला, पुरुषांचाही. दोन्ही वेळा रस्त्यारस्त्यावर खाणं-पाणी घेऊन उभा होता तो त्यांचा नवरा. मला कळतं की गुहागर म्हणजे नॉर्थ कॅरोलिना नव्हे. आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरी चार दिवस राहायचं तरी विचारावं लागतं, हे मी रोजच्या पत्रांतून वाचते. तरीही लग्न म्हणजे पायांचा शेवट, हे तू आधीच मान्य करून बसली आहेस, आणि ते कुणी तुला सांगितलेलंही दिसत नाही. आईने तारीख दिली आहे. "त्यानंतर चालायचं नाही" असं तिने म्हटल्याचं तुझ्या पत्रात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट, विक्रम म्हणजे नेमकं काय. तिकडे याला फास्टेस्ट नोन टाइम म्हणतात, म्हणजे ठाऊक असलेला सगळ्यात कमी वेळ. त्याची शिस्त साधीच आहे. वाट कुठून कुठे आणि कशी, ते आधी ठरलेलं हवं. निघण्याआधी जाहीर करायचं. जीपीएसची नोंद अखंड ठेवायची. आणि मदत कशी घेतली ते सांगायचं: माणसं सोबत होती, की वाटेतल्या दुकानांतून कुणालाही मिळेल तेवढंच घेतलं, की सगळं पाठीवर. या सगळ्याचा हेतू एकच, उद्या दुसऱ्या कुणाला तेच अंतर तसंच चालून तुझी नोंद मोडता आली पाहिजे. मोडता येणार नाही अशी नोंद विक्रम म्हणून टिकत नाही.

या कसोटीवर तुझ्या तीन वाटा लावून बघते.

परिक्रमेबद्दल मी स्पष्टच बोलते. तिथे घड्याळ लावू नकोस. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरून सव्वीसशेच्या वर चाल होते, आणि धरणांच्या जलाशयांमुळे वळसे घेत ती वाढते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, प्रवाह ओलांडायचा नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मुखाशी समुद्रातून होडीने पलीकडे जावं लागतं, तीही भरती बघून सुटते. हे सगळं पाळून घाई होत नाही, आणि न पाळता केलेल्या चालीला परिक्रमा म्हणण्यात अर्थ नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. ही वाट चालते ती काठावरच्या घरांच्या जिवावर. सदावर्तात शिधा मिळतो, कुणाच्या ओसरीवर झोपायला मिळतं. "नर्मदे हर" म्हणत आलेल्या माणसाला एखादी म्हातारी चुलीवरचा टिक्कड देते आणि समोर बसून दोन शब्द बोलते. तू तो टिक्कड घेऊन घड्याळाकडे बघत उठणार का? तिच्या घरचं खाऊन तिला वेळ द्यायचा नाही, हे तुला जमणारही नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. परिक्रमा जरूर कर. चाळिशीत कर, पन्नाशीत कर. ती कुठे जात नाही.

घाटमाथ्याचं थोडक्यात. सलग वाट म्हणून तू नकाशावर जी रेघ मारली आहेस ती कोयना आणि चांदोलीच्या रानातून जाते. २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही, आणि रात्री चालायची परवानगी मिळेल हा विचार सोडून दे. पुढे राधानगरी, अलीकडे भीमाशंकर, तिथेही अभयारण्याचे नियम. रात्रीची चाल वजा केली की वेगाचं गणित निम्म्यावर येतं. शिवाय जून ते सप्टेंबर धुकं, निसरडं आणि दरडी, मार्चनंतर वणवे आणि आटलेली टाकी. जानेवारी-डिसेंबर हे कॅलेंडर भिंतीवर ठीक आहे. सह्याद्रीत चालायचं वर्ष दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच असतं. त्या चार महिन्यांत तू किनाराही बसवणार आणि परिक्रमाही? नाही बसत गं. आधी वनखात्याशी पत्रव्यवहार कर, कुठे कुठे वळसा घ्यावा लागेल ते काढ. हे एका वर्षाचं घरबसल्या काम आहे आणि ते नोकरी सांभाळून होतं.

उरला किनारा. आणि इथे मात्र मी तुझ्या बाजूने उभी आहे.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं आपण शाळेत पाठ केलं. पण ते अंतर पायांचं नव्हे. खाडीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत दिसतो तो हाताच्या अंतरावरचा किनारा, आणि पुलाने जायचं तर आत कितीतरी किलोमीटरचा फेरा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, किती नावं घेऊ. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे जंगलजेटीत, म्हणजे माणसं-गाड्या पलीकडे नेणाऱ्या मोठ्या बोटीत, बसायचं की नाही? बसलीस तर ती चाल अखंड मानायची का? हे कुणीतरी ठरवून लिहून ठेवायला हवं, आणि ते काम तुझ्या हातून व्हावं असं मला फार वाटतं. ॲपलाचियन ट्रेलवर केनेबेक नावाची नदी आहे. १९८५ मध्ये ती ओलांडताना एक पदयात्री बुडून गेली, त्यानंतर तिथे चालणाऱ्यांसाठी होडी ठेवली. वाटेवर झाडांना जी पांढरी पट्टी रंगवलेली असते तीच पट्टी त्या होडीच्या तळाला रंगवली आहे. म्हणजे होडी हाच रस्ता. आपल्याकडे ‘तर’ म्हणजे रस्ताच होता की, पूल व्हायच्या कितीतरी आधीपासून. तू नियम लिही: खाडी तरीने किंवा जंगलजेटीने ओलांडायची, थांबण्याचा वेळ घड्याळात धरायचा. पुढची मुलगी तोच नियम धरून चालेल.

वसई आणि ठाण्याच्या खाड्या आणि मधली मुंबई हा वेगळाच गुंता. अटल सेतूवर पायी जाता येत नाही. गेटवेहून मांडव्याची बोट घ्यायची की ठाण्याकडून वळायचं, ते तुझ्या भावाला शोधायला सांग. वेड लागलंय म्हणणाऱ्या माणसाला एक नेमका प्रश्न दिला की त्याचं बोलणं बरंच बदलतं. मुंबईचा तुकडा त्याच्या जबाबदारीवर टाक.

आता पुळणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूबद्दल, अनुभवाने. वीसेक वर्षांपूर्वी मी दोन मैत्रिणींबरोबर दापोलीजवळच्या मुरूडहून दाभोळला किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघाले होते, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत. सपाट वाळू, चढ-उतार नाही, म्हटलं हे तर खेळ आहे. पुळण सपाट नसते. ती समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेकडे चालताना पाणी उजव्या हाताला, म्हणजे दर पावलाला उजवा पाय बोटभर खाली पडतो. शेकडो पावलांत कळत नाही, हजारोंत कंबरेची एक बाजू धरते. दाभोळच्या धक्क्यावर बसून मोजा काढला तेव्हा टाचेची कातडी मोज्याबरोबर सोलून आली. आत वाळूचे कण साबुदाण्यासारखे चिकटलेले. चाळीस किलोमीटरही झाले नव्हते. तेव्हा तुझं घाटातलं चालणं पक्कं असलं तरी पुळणीचं चालणं वेगळं शिकावं लागेल. ओल्या-कोरड्याच्या मधला कडक पट्टा कसा ओळखायचा, मोजे किती वेळाने झटकायचे, पुळण सोडून सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, कुठे वर चढायचं, हे सगळं.

म्हणून माझं सांगणं असं. या हंगामात अख्खा किनारा एकदा सावकाश चाल. शनिवार-रविवार, तुकड्यातुकड्याने. वही ठेव. प्रत्येक खाडीपाशी ‘तर’ कोण चालवतो, पहिली फेरी कधी, शेवटची कधी, विहीर कुठे, कातळावरून वाट कुठे सुटते, ते लिही. मग पुढच्या पौषात, थंडी असताना, एका दमात आणि वेगात, उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे दुपारनंतरचा वायव्येचा वारा पाठीवर येईल. रोज साठ किलोमीटर धरले तर खाड्यांचे खोळंबे मिळून दोन आठवड्यांचं काम आहे. आणि दोन आठवड्यांसाठी नोकरी सोडत नाहीत. रजा टाकतात. साडेतीन लाखांतले बहुतेक तसेच राहतील, ते पुढच्या वाटेला.

रात्री चालणार असशील तर एक लक्षात ठेव. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या पुळणींवर थंडीत कासविणी अंडी घालायला येतात, पुढे पिल्लं निघतात. पांढऱ्या दिव्याने ती बावचळतात, समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. अशा गावांच्या हद्दीत रात्री पुळणीवरून जाऊ नकोस, मागच्या पाणंदीने जा, भले वेळ जास्त लागो. मात्र पाणंदीत आणि कातळावर फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. पायांत बूट आणि हातात जोरकस विजेरी, त्याला पर्याय नाही. एकटी आहेस म्हणून फोनवरून घरी सतत जागा कळत राहील अशी सोय कर, आणि मुक्कामाची घरं आधीच ठरव. अनोळखी गावात रात्री नऊला कुणाचं दार वाजवायची वेळ येऊ देऊ नकोस.

शरीराबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही, याची मला खरी काळजी वाटली. तू दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासतेस. स्वतःचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन शेवटचं कधी बघितलंस? उद्याच बघ. लांब पल्ल्याचं पळणाऱ्या बायकांचं लोह भराभर उतरतं. सरावाच्या काळात पाळी दोन-तीन महिने आली नाही तर कटकट गेली असं समजू नकोस. खाणं मेहनतीला पुरत नाही असा त्याचा अर्थ असतो, आणि मग हाडांना बारीक तडे जायला लागतात. डॉक्टरकडे जा आणि चालणं थांबव. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. त्यात नुसतं पाणी पीत राहिलीस तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळतं, डोकं गरगरतं, बरळायला होतं. मीठ हवंच. आपल्या उकड्या तांदळाची पेज, वर मीठ आणि लोणच्याची फोड, याच्यासारखं दुसरं काही मला माहीत नाही. कोकमाचं आगळ पाण्यात घालून मीठ टाक, बाटली जवळ ठेव. अंग ठणकतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या खात चालू नकोस. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर घाला घालतात. आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून रक्तात उतरताहेत असं समज. विक्रम तिथेच सोडून रुग्णालय गाठायचं, उद्या सकाळी नव्हे, त्याच तासाला. अशी योजना आखत असलेल्या प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, हा परिच्छेद घरच्यांनाही वाचायला द्यावा. थकलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही, बघणाऱ्याला कळतं.

त्या ओळखीच्या गृहस्थांचं, तीन केल्यास तर बातमी होईल म्हणणाऱ्यांचं, मी फार मनावर घेतलं नसतं. बातमी दुसऱ्या दिवशी भजी गुंडाळायला जाते. तू लिहिलेली खाड्यांची वही मात्र किनाऱ्यावर चालणारं माणूस वीस वर्षांनीही मागून घेईल.

आणि स्थळांचं. लपवू नकोस. "मी चालते, आणि चालत राहणार आहे, पुढच्या पौषात दोन आठवडे मी किनाऱ्यावर असेन" हे पहिल्याच भेटीत, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांग. काही स्थळं तिथेच गळतील, आईला वाईट वाटेल. पण लग्नानंतर घाबरत घाबरत सांगण्यापेक्षा हे सोपं. आईशीही तू तारखेवरून भांडते आहेस, ते सोड. तारीख राहू दे. त्याऐवजी तिला विचार, तिला नेमकी कसली भीती वाटते. मला वाटतं ती लग्नापेक्षा एकट्या मुलीच्या रात्रीच्या मुक्कामाबद्दल असेल, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे तयार असलं पाहिजे. मुक्कामांची यादी तिच्या हातात दे. तिच्या ओळखीची, नात्यातली चार घरं त्यात ती स्वतःहून घालेल.

आता वडील.

"सुकती कदी लागते ता मायत हाय काय तुला?" तू हे टोमणा म्हणून ऐकलंस. मी पुन्हा पुन्हा वाचलं, मला टोमणा सापडला नाही. भाऊ वेडाबद्दल बोलला, आई तारखेबद्दल, ते गृहस्थ बातमीबद्दल. तुझ्या अख्ख्या पत्रात वाटेबद्दल प्रश्न विचारणारं माणूस एकच आहे. आणि त्यांनी विचारला तो या वाटेवरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. खरं सांग, तुला उत्तर येत होतं का?

येत नसेल तर त्यांना येतं. तरीवर आयुष्य काढलेल्या माणसाला छापील तक्ता लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणून सुकती नऊला. अष्टमीला सहाला भरती, तर सुकती ऐन बाराला, डोक्यावर ऊन असताना. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराकडे, म्हणजे सुकती पहाटे आणि संध्याकाळी. हे मुंबईच्या बाजूचं ढोबळ गणित. खाली दक्षिणेकडे यावं तशी भरती थोडी आधी लागते, आणि दर दिवशी पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आता बघ, अमावास्येच्या आसपास निघालीस तर पहाटे लांबरुंद कडक पुळण तुझी, दुपारी पाणी चढलं की तू सावलीत झोपलेली, संध्याकाळी पुन्हा पुळण. मधे अष्टमी येईल ते दोन-तीन दिवस सड्यावरून जायचे. तुझ्या वेगाचं अर्धं गणित या एका प्रश्नात आहे. फक्त उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी ओढ भयंकर असते. गुडघाभर पाणी दिसलं तरी उतरायचं नाही, तरीची वाट बघायची. हेही तुला माझ्यापेक्षा ते नीट सांगतील, कुठल्या खाडीला कुठे ओढ आहे ते नावानिशी.

या रविवारी घरी जा. नकाशा नेऊ नकोस, पंचांग ने आणि एक कोरी वही. जेवणं झाल्यावर ते पडवीत बसतील तेव्हा शेजारी बस आणि विचार, "बाबा, पौषातल्या अमावास्येला जयगडच्या तोंडाशी सुकती किती वाजता?" मग ते सांगतील ते लिहून घे.